चढावर काढा, उतारावर चढवा : थंडीतले पाच दिवस सायकलवर

पाच दिवस, साधारण ३०० किलोमीटर, गटात पाच जण. परतल्यावर कुठे गेला होतात, मुक्काम कुठे केलात हे फारसं कुणी विचारलं नाही. प्रश्न एकच आला: "एवढ्या गारठ्यात अंगात घातलं होतं काय?" म्हणून या वर्णनात रस्ता कमी आणि कपडे जास्त आहेत.

सायकलसाठी म्हणून खास घेतलेल्या वस्तू प्रत्येकाकडे दोनच होत्या: पॅडची शॉर्ट्स आणि वारा अडवणारे हातमोजे. बाकी सगळं कपाटातलं. व्यायामाचे पूर्ण बाह्यांचे पातळ पॉलिएस्टर टी-शर्ट दोन, बारीक विणीचा जुना लोकरी स्वेटर एक, अस्तर नसलेलं पातळ नायलॉनचं विंडचीटर, रेनकोट, पॅडच्या शॉर्ट्सवर चढवायला धावण्याच्या घट्ट पँटी दोन, लोकरी पायमोजे तीन जोड, साधे विणलेले हातमोजे दोन जोड, गळ्यात-डोक्यात घालायचे दोन बफ (ताणणाऱ्या कापडाच्या नळ्या). शिवाय जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या, भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि चिकटपट्टीचं एक रीळ. हा शेवटचा ऐवज निघताना चेष्टेचा विषय होता. तिसऱ्या दिवसानंतर चेष्टा थांबली.

जुना स्वेटर निवडताना एक खात्री करून घ्यावी. आतल्या शिवणीतून एक धागा काढून जाळायचा. जळक्या केसांसारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला, तर कृत्रिम धागा. कृत्रिम स्वेटरही चालतो, पण भिजल्यावर अंगाला गार लागतो आणि दोन दिवसांत वास मारतो. लोकर तिच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्याच्या आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि जाड विणीचा स्वेटर मोहात पाडतो, पण तो घेऊ नये. त्यावर विंडचीटर नीट बसत नाही, आणि काढून ठेवला की अर्धी पिशवी खातो.

दिवस पहिला : ६८ किमी, सपाट. सकाळी ४ अंश, दुपारी १५

थंडीतल्या सायकलिंगमधली पहिली चूक दारातच होते. बाहेर उभं राहून "आता बरं वाटतंय" असं वाटलं, तर अंगावर एक कपडा जास्त आहे. पहिली दहा मिनिटं थोडं काकडायला झालंच पाहिजे. अंगाचं गणितच तसं आहे. पॅडलवर १५० वॅटचा जोर लावणारं शरीर त्याच्या तिपटीहून जरा कमी-अधिक उष्णता वर फेकतं, कारण खर्च झालेल्या शक्तीतला जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. म्हणजे सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात असताना अंगात साडेचारशे-पाचशे वॅटची शेगडी पेटलेली असते. तिच्यावर कापूस भरलेलं जाड जर्किन घातलं की काय होणार ते नवव्या किलोमीटरला दिसलं. जर्किनवाल्या गड्याच्या पाठीवरून वाफा निघत होत्या, आणि आत सुती बनियन पिळून निघेल इतकं भिजलं होतं.

घाम येईपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते थांबल्यावर. सुती कापड पाणी धरून कातडीला चिकटून बसतं, आणि स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पंक्चर काढायला पंधरा मिनिटं थांबलो, तेवढ्यात भिजलेल्या बनियनने हुडहुडी भरवली. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, वजनाच्या एक टक्काही नाही. त्यामुळे घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. बनियन तिथेच रस्त्याकडेला उतरलं आणि त्यानंतर त्याने फक्त चेन पुसली.

थर तीन घालायचे, हे सगळे सांगतात. त्यांची कामं वेगळी आहेत, हे सांगायचं राहून जातं. आतला थर घाम बाहेर नेतो, मधला हवा धरून ठेवतो, वरचा फक्त वारा अडवतो. वरचा कपडा जाड असायची गरज नाही. मुठीत मावणारं नायलॉन पुरतं. त्याची एक परीक्षा आहे: कापड ओठांना लावून जोरात फुंकायचं. पलीकडे तळहाताला फुंकर जाणवली नाही, तर ते चालेल. मात्र रेनकोट रोजचं विंडचीटर म्हणून वापरू नये. तो वारा अडवतो तसा घामही आतच ठेवतो, आणि तासाभरात आतून पाऊस पडल्यासारखं होतं.

गटातल्या एका ताईंनी आपल्या स्वेटरचे घरीच दोन कपडे केले होते. पुढे सगळ्यांनी त्यांची नक्कल करायचं ठरवलं, म्हणून कृती देतो. स्वेटरच्या दोन्ही बाह्या खांद्याच्या शिवणीपाशी कापायच्या. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनने झिगझॅग शिलाई मारायची, नाहीतर विण उसवत जाते. बाहीचं मनगट पोटरीवर येतं आणि रुंद टोक मांडीवर. रुंद टोक दुमडून त्यात दोन सेंटीमीटरचं इलॅस्टिक घालायचं, मांडीच्या घेरापेक्षा तीन-चार सेंटीमीटर आखूड. याहून घट्ट केलं तर पायाला वळ उठतो, सैल ठेवलं तर बाही घसरून गुडघ्यामागे गोळा होते आणि कातडी सोलते. झाले गुडघ्यांचे मोजे. उरलेला बिनबाह्यांचा स्वेटर तर सायकलसाठी स्वेटरहून सरस: छाती-पोट ऊबदार, काखा मोकळ्या.

दिवस दुसरा : ५४ किमी, घाट. पायथ्याशी ७ अंश, खिंडीत २

चौदा किलोमीटरचा चढ, मग खिंड, मग बारा किलोमीटरचा उतार. सगळ्या सहलीतला सर्वांत शिकवणारा दिवस हाच.

पायथ्याशी थांबून पाचही जणांनी विंडचीटर उतरवले. दोघांनी स्वेटरही काढले. ७ अंशांत टी-शर्टवर चढायला लागणं वेडेपणाचं वाटतं, पण चढावर वेग ताशी ७-८ किलोमीटर असतो. वारा नसतोच, आणि शेगडी पूर्ण पेटलेली असते. बफ गळ्यातून मनगटावर गेला, कानपट्टी कपाळावर सरकली. गळा, मनगट आणि कान या तीन खिडक्या उघडल्या-मिटल्या की कपडे न काढताही बराच फरक पडतो. विंडचीटरला पूर्ण चेन हवी ती यासाठीच. डोक्यावरून घालायचं असेल, तर थांबून हेल्मेट काढावं लागतं, आणि माणूस आळस करून घामात भिजत राहतो.

खिंडीत पोचल्यावर उलटी घाई करायची. अंग अजून तापलेलं असतं, त्यामुळे थंडी कळत नाही. फोटो काढून होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि ऊब निघून जाते. आमचा क्रम असा होता: सायकल टेकवली की आधी कपडे, मग पाणी, मग फोटो. भिजलेला टी-शर्ट उतरवून कोरडा चढवायला नव्वद सेकंद पुरतात. ते नव्वद सेकंद उघड्यावर काढणं जिवावर येतं, पण ओल्यावर स्वेटर चढवून बारा किलोमीटर उतरणं त्याहून वाईट.

उतारावर गणित पार उलटतं. पॅडल थांबलं की शरीर बसल्याजागी जेमतेम शंभर वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं आणि वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर होतो. हवामान खाती वाऱ्याच्या गारठ्यासाठी जे सूत्र वापरतात, त्याप्रमाणे २ अंशांत ४० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे ५ अंशांइतका लागतो. चढताना ७-८ च्या वेगात असं काही जाणवत नाही. म्हणून "आज किती थंडी आहे" एवढं विचारून भागत नाही. आज उतार किती लांब आहे, हेही विचारावं लागतं.

इथे वर्तमानपत्रं निघाली. शर्यतीतले सायकलपटू पूर्वापार खिंडीत प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसत आले आहेत, आणि ती युक्ती अजूनही जुनी झालेली नाही. चार-पाच पानं एकत्र, एकदा दुमडून, टी-शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये, गळ्याच्या खळगीपासून बेंबीपर्यंत. पाठीला नको, तिथे वारा लागत नाही. पोटाशी वाकल्यावर कागद चुरगळतो आणि त्यात हवा अडकते, ते फायद्याचंच. गुळगुळीत मासिकाची पानं मात्र घसरून खाली येतात. पायथ्याला पोचल्यावर कागद बाहेर काढायचा, कारण पुढच्या चढावर तो घामाने लगदा होतो.

१९८८ च्या जिरो या इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत ५ जूनला आल्प्समधल्या गाव्हिया खिंडीत बर्फ पडलं, तेव्हा सेव्हन-इलेव्हन संघाने आपल्या गड्यांसाठी स्कीइंगच्या दुकानातून गरम कपडे आणून ठेवले होते. टप्पा एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, पण एकूण आघाडीवरच्या खेळाडूची गुलाबी जर्सी सेव्हन-इलेव्हनच्या अँडी हॅम्पस्टेनच्या अंगावर चढली, आणि अखेरीस शर्यतही त्यानेच मारली. कपडे सायकलच्या दुकानातले नव्हते म्हणून त्याचं काही अडलं नाही.

दिवस तिसरा : ६१ किमी, दिवसभर पाऊस. ४ ते ६ अंश

उणे ५ अंशांची कोरडी थंडी परवडली, पण ४ अंशांतला पाऊस नको. बर्फ झटकता येतं, पाणी झटकता येत नाही. या दिवशी बहुतेकांची छाती-पोट ऊबदार राहिली. पंचाईत झाली ती हातापायांची.

हात गारठतात ते नुसत्या वाऱ्याने नाही. हँडलवर ते निपचित धरलेले असतात, आणि छाती-पोट थंड पडायला लागलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा आवळतं. त्यामुळे बोटांवरचा पहिला इलाज धडावर करायचा: स्वेटर चढवायचा, गळा बंद करायचा, मनगटं झाकायची. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून टाकला आणि अंगठ्यापुरतं भोक पाडलं की मनगटाची पट्टी तयार होते. बाही आणि हातमोजा यांच्यातली उघडी चीर तिने बंद होते. दिसायला किरकोळ, पण फरक पहिल्या अर्ध्या तासात कळतो.

मग हातमोजे. आत विणलेला पातळ हातमोजा, वर भांडी घासायचा रबरी, नेहमीपेक्षा एक माप मोठा. मूठ सहज वळली पाहिजे. बोटं आवळली गेली तर रक्त फिरत नाही आणि जाड मोजा असूनही हात बर्फ होतो. रबरात घाम साठतोच. म्हणून आतल्या हातमोज्यांचा दुसरा जोड कोरड्या पिशवीत ठेवून मध्यावर बदलायचा. निघण्याआधी सायकल उभी असतानाच ब्रेक पूर्ण दाबून आणि सगळे गिअर बदलून पाहायचे. रबर ओल्या लिव्हरवर घसरतं, तेव्हा एका बोटाचा ब्रेक विसरायचा आणि दोन बोटं वापरायची.

बधिर बोटांकडे दुर्लक्ष करू नये. १९८० च्या लिएज-बास्टोन-लिएज या बेल्जियममधल्या एका दिवसाच्या सायकल शर्यतीत बर्फाच्या वादळात फक्त २१ जण शेवटपर्यंत पोचले. फ्रान्सचा बर्नार्ड इनो नऊ मिनिटांहून जास्त अंतराने जिंकला, आणि त्याच्या दोन बोटांना थंडीची जी इजा झाली ती पुढे कायमची राहिली.

दुपारी एका बसथांब्याच्या आडोशाला उभे असताना एक काका सायकलवरून येऊन थांबले. वय साठीच्या पुढे, रोजचं कामाला येणंजाणं २२ किलोमीटर, सगळा हिवाळा. त्यांच्या हँडलच्या दोन्ही टोकांना पिशव्या बांधलेल्या होत्या: बाहेरून जुन्या रेनकोटचं कापड, आतून फाटक्या ब्लँकेटचा तुकडा. हात पिशवीत, लिव्हरही पिशवीतच. आत त्यांच्या हातात अगदी पातळ हातमोजे होते. "जाड हातमोजे घालून ब्रेक दाबता येत नाही हो," ते म्हणाले. पिशवीच्या तोंडाला आतून बाटलीच्या प्लास्टिकची पट्टी शिवली होती, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि हात न बघता परत आत जातो. हाताला अडकेल अशी दोरी किंवा बटण त्यांनी मुद्दाम ठेवलं नव्हतं, कारण तोल गेला तर हात झटक्यात बाहेर यायला हवा. नवशिक्याने आधी मोकळ्या मैदानात चार फेऱ्या मारून सवय करावी, असंही त्यांनी बजावलं.

जाताना त्यांची नजर आमच्या बुटांवर गेली. "मोजे जाड घेतलेत, बूट तेच ठेवलेत," एवढंच म्हणून निघाले. नेमकं दुखणं तेच होतं. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की पाऊल आवळतं आणि बोटं एका मोज्यापेक्षाही आधी बधिर होतात. बूट एक माप मोठे हवेत, किंवा जाड मोजा एकच हवा.

आम्ही त्या आडोशातच पाय नव्याने बांधले. कोरडा पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर लोकरी मोजा, मग बुटाच्या नाड्या नेहमीपेक्षा सैल. पिशवी अशी दोन मोज्यांच्या मध्ये घातली की पायाचा घाम लोकरीपर्यंत पोचत नाही. पावसाने बाहेरचा मोजा भिजला, तरी पाणी पावलापर्यंत येत नाही. पिशवीचं तोंड पँटीच्या आत गेलं पाहिजे. दोघांनी ते पँटीवर ठेवलं, आणि पोटरीवरून ओघळणारं पाणी पागोळीसारखं थेट पिशवीत उतरलं. बुटाच्या जाळीच्या भोकांवर बाहेरून चिकटपट्टी मारायची. क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारी खाच असलेले) बूट असतील, तर तळाच्या धातूतून गारठा वर येतो. सुकतळा उचलून त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा कापून बसवला की तो बराच कमी होतो.

आणि मडगार्ड! ते कपड्यांच्या यादीत कुणी धरत नाही, पण पाय भिजवणारं बरंचसं पाणी आभाळातून येत नाही, पुढच्या चाकावरून येतं. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा दोन छोट्या नट-बोल्टनी लावायचा. जमिनीपासून पाच-सहा सेंटीमीटर वर राहील इतका लांब पुरतो. ज्या दोघांच्या सायकलींना तो होता, त्यांचे बूट संध्याकाळी फक्त दमट होते.

शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये एकाला विंडचीटरची चेन लावता येईना. विचारलेल्याचं उत्तर तो सावकाश, अडखळत द्यायला लागला. दमल्याची ही लक्षणं नाहीत, शरीराचं तापमान घसरत असल्याची आहेत. अशा वेळी "पोचूच आता" म्हणत पुढे रेटायचं नाही. वाऱ्याआड नेलं, ओलं सगळं काढलं, कोरडं चढवलं, दोन बफ डोक्या-गळ्यात घातले, फ्लास्कमधलं गरम गोड पाणी घोटघोट दिलं. वीस मिनिटांत जोराची थरथर सुटली, आणि तेव्हा जीव भांड्यात पडला. थरथर असेपर्यंत शरीर झुंजतंय. माणूस गार पडलेला असताना थरथर अचानक थांबली आणि तो गुंगायला लागला, तर मात्र तो डॉक्टरांकडे न्यायचाच प्रसंग.

दिवस चौथा : ३८ किमी, ढगाळ, ६ अंश

मुद्दाम छोटा ठेवलेला दिवस. सकाळ वाळवण्यात गेली. ओला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्ही मिळून गुंडाळी करायची आणि गुंडाळी पिळायची. टी-शर्ट तासाभरात घालण्याजोगा होतो. स्वेटर पिळायचा नाही, गुंडाळी नुसती गुडघ्याने दाबायची, नाहीतर तो बेढब होतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे. एकाने हातमोजे हीटरवर ठेवले, तर कृत्रिम धाग्याची बोटं आक्रसून टणक झाली. तो जोड गेलाच. पॉलिएस्टरचे कपडे धुताना कापड मऊ करणारं द्रव वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम पसरवायचं सोडतं.

दिवस पाचवा : ७९ किमी, निरभ्र. सकाळी उणे २ अंश, समोरून वारा

समोरच्या वाऱ्याने चेहऱ्याची पाळी आणली. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नये. हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर जागेवर राहत नाही. पातळ बफ दुहेरी करून कानांवरून घ्यायचा आणि हेल्मेटचे पट्टे त्यावर पुन्हा जुळवायचे. एवढ्याने भागत नसेल, तर हेल्मेटच्या पुढच्या भोकांवर चिकटपट्टी मारावी, मागची उघडी ठेवावी.

बफ नाकावर ओढला की श्वास वर जातो आणि चष्म्यावर वाफ धरते. म्हणून बफ नाकाच्या शेंड्याखाली, फक्त तोंड आणि हनुवटी झाकेल इतकाच. थांबताना चष्मा उतरवून गळ्यात अडकवायचा, कारण थांबल्यावर वाफ जास्त धरते. श्वासाने ओला झालेला बफ तासाभराने अर्धा वळसा फिरवून घ्यायचा.

पाण्याच्या बाटलीचं तोंड पहिल्या तासातच गोठलं. बाटली पिंजऱ्यात उलटी ठेवली की बर्फ बुडाशी धरतं आणि तोंड मोकळं राहतं. झाकण मात्र घट्ट हवं, हे दोघांना मोज्यांवर पाणी सांडल्यावर समजलं.

अकरानंतर ऊन तापलं आणि एकेक कपडा मागे कॅरियरवर जायला लागला. पहिल्या दिवशी काढलेलं ते जाड जर्किन तिथे आधीच बांधलेलं होतं. चारही रात्री त्याची उशी झाली, आणि उशी म्हणून त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.